एका कान्याचा फरक

दोरेबाईंचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या एकोणीस वर्षं तपासनीस होत्या. शिवून झालेला प्रत्येक सदरा त्यांच्या हातून जायचा आणि लोंबणारा प्रत्येक दोरा त्यांच्या छोट्या कात्रीला बळी पडायचा. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचा दोराही त्या कापून टाकायच्या. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी गृहस्थांच्या कॉलरवरचा दोरा त्यांनी असाच सहज कापला, तर ती त्यांच्या कानातल्या यंत्राची वायर निघाली. गृहस्थ ओरडत होते आणि दोरेबाई माफी मागत होत्या, पण ती त्यांना ऐकूच येईना. तेव्हापासून हे नाव पक्कं झालं.

एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना मशिनी बंद करायला लावल्या. ते सात आठवड्यांसाठी लेकीकडे परदेशी निघाले होते, आणि जुने व्यवस्थापक निवृत्त झाल्यापासून खुर्ची रिकामी होती. मालक आधुनिक विचारांचे होते, म्हणजे कुठेतरी काहीतरी वाचून यायचे. त्यांनी विचारलं की साहेब म्हणून तुम्हाला कोण आवडेल, पुरुष की बाई? पुरुष म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

कारखान्यात नऊ बायका आणि चार पुरुष. हात तेरा वर आले. मालकांनी दोनदा मोजले. तेरावा हात दोरेबाईंचा होता, आणि तो वर कसा गेला हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सगळे हात वर जाताना आपलाच खाली ठेवायचा म्हणजे जेवणाच्या पंगतीत एकट्यानेच उभं राहण्यासारखं, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

नंतर मालकांनी त्यांना आत बोलावलं. "दोरेबाई, मी तुमचंच नाव काढणार होतो," ते म्हणाले, "पण तुम्हालाच तुम्ही नको आहात." मग थोडा वेळ पेन फिरवून त्यांनी तोडगा काढला. सात आठवडे दोरेबाईंनी कारखाना बघायचा. जाहीर काही करायचं नाही, उगाच बोभाटा नको. परत आल्यावर ते लोकांना पुन्हा विचारणार होते, आणि लोक ज्याचं नाव घेतील तो खुर्चीत बसणार होता. एकमत झालं नाही, तर त्यांचा भाचा मोकळाच होता. हा भाचा मागच्या वर्षी दहा दिवस काम शिकायला आला होता आणि दोनशे सदऱ्यांना पाठीवर खिसे लावून गेला होता.

दोरेबाईंना ती खुर्ची हवी होती. उगाच आडपडदा कशाला ठेवा? त्या खुर्चीत बसून गेलेल्या तीन साहेबांच्या चुका त्यांनी एकोणीस वर्षं गुपचूप निस्तरल्या होत्या, आणि आता आपल्या स्वतःच्या चुका करायची त्यांना फार इच्छा होती.

पहिल्याच सकाळी त्या कटिंग मास्तरांना म्हणाल्या की कापणीचं टेबल खिडकीजवळ घेऊ या, उजेड बरा पडेल. मास्तर म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. खडू कानावर, टेप गळ्यात आणि मत जिभेवर. ते म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. दोरेबाईंनी दुपारी पुन्हा आठवण केली, तेव्हा मास्तरांनी मालकांना विचारायला सांगितलं. दोरेबाई वर गेल्या. त्यांची तपासणीची खोली लाकडी जिन्याने चढून माळ्यावर होती. तिथे रागारागाने त्यांनी एका कागदावर लिहिलं: 'कापणीचे टेबल उद्यापासून खिडकीजवळ असावे.' राग गेला, कागद उरला. खाली येऊन तो त्यांनी सूचनाफलकावर टाचणीने लावला.

दहा मिनिटांत टेबल खिडकीजवळ होतं. वर मास्तरांनी सगळ्यांना ऐकवलं की हे खरं तर केव्हाच व्हायला हवं होतं. कोणीतरी दोरेबाईंना विचारलं की ही सूचना कुठून आली. "वरून आली," त्या म्हणाल्या. आता यात खोटं काय होतं? जिना सगळ्यांसमोर होता.

पण कारखान्याने आपलं वेगळंच गणित मांडलं. मालकांनी जाताना कुणी अदृश्य साहेब नेमलाय, तो वरून सूचना धाडतो आणि दोरेबाई त्या लिहून फलकावर लावतात. संध्याकाळपर्यंत साहेबांना उंची, मिशा आणि कडक शिस्तीचं बालपणही मिळालं होतं. दोरेबाई खुलासा करायला दोनदा खाली आल्या आणि दोनदा तशाच वर गेल्या. टेबल जागेवरून हललं होतं ना, मग आपण कशाला हलायचं?

मग सुरू झाल्या चिठ्ठ्या. दोरेबाईंनी मनाशी एक नियम केला की खोटं एक अक्षर लिहायचं नाही. आणि आपली मराठी अशी कनवाळू की तिने त्यांना सांभाळून घेतलं. 'करावे', 'ठेवू नये', 'मला वाटते', 'उद्या बघेन', 'मी कालचे सदरे पाहिले'. या सगळ्यात लिहिणारा बाप्या आहे की बाई हे कोणाच्या बापाला कळणार नाही. 'करतो' किंवा 'करते' आलं की मात्र सापडल्याच. दोरेबाई एकेक वाक्य सुईत दोरा ओवावा तशा डोळे बारीक करून लिहायच्या.

तिसऱ्या चिठ्ठीत लिहिलं होतं की चहानंतर दहा मिनिटं मशिनी बंद ठेवाव्यात आणि मानेला आराम द्यावा. काज-बटणाच्या मशिनीवरच्या मावशींनी ती तीनदा वाचली. मावशी कारखान्यात दोरेबाईंच्या आधी दोन महिने लागल्या होत्या आणि हे दोन महिने त्यांनी कोणाला विसरू दिले नव्हते. त्या म्हणाल्या की बघा, पुरुषाचं मन कसं मोठं असतं, बाई असती तर म्हणाली असती की माझी नाही का मान दुखत. चौथ्या चिठ्ठीत गठ्ठे उघडे टाकणाऱ्यांना चांगलंच झापलं होतं. मास्तर खूश झाले. हेच बाईने लिहिलं असतं तर किरकिर झाली असती, साहेबांनी लिहिलं म्हणून शिस्त झाली. दोरेबाई जिन्यावर उभ्या राहून हे ऐकत होत्या. स्वतःची स्तुती आणि स्वतःची निंदा एकाच तोंडून, एकाच वाक्यात ऐकण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबताना उचकी लागली.

घरी त्यांनी आडून आडून विषय काढला. यजमान म्हणाले की ऑफिसात साहेब पुरुषच बरा. घरी बाईचं ऐकून ऐकून माणूस थकलेला असतो, तिथे तरी जरा बदल नको का? सासूबाई म्हणाल्या की बाई साहेब झालेली त्यांना आवडेल, फक्त दुसऱ्यांच्या घरातली. दोरेबाईंनी दुसऱ्या दिवशी प्रयोग म्हणून न्हाणीघराच्या दारावर चिठ्ठी लावली: 'ओला टॉवेल पलंगावर टाकू नये.' यजमानांना वाटलं आईची आज्ञा आणि सासूबाईंना वाटलं मुलाचा हुकूम. बावीस वर्षांत पहिल्यांदा टॉवेल दोरीवर गेला. त्या दोघांनी एकमेकांना विचारलं नाही आणि दोरेबाईंनी सांगितलं नाही.

असे पाच आठवडे सोन्यासारखे गेले. सहाव्या आठवड्यात घात झाला.

गोदामात ओल आली होती आणि कापडाचे तागे भिंतीला टेकून ठेवलेले होते. दोरेबाई ते बघून आल्या, तणतणत माळ्यावर चढल्या आणि एका दमात लिहून मोकळ्या झाल्या: 'आज गोदामात जाऊन आले. तागे भिंतीला टेकलेले दिसले. ताबडतोब हलवावेत.' चिठ्ठी लावून त्या अर्ध्या जिन्यावर पोहोचतात न पोहोचतात तोच खालच्या मशिनी एकेक करून थांबल्या. त्यांना आपलंच वाक्य आठवलं. 'जाऊन आले.' पाच आठवडे डोळ्यात तेल घालून जपलेलं एका क्रियापदाने घालवलं होतं.

फलकापाशी रणकंदन माजलं. मावशी म्हणाल्या, आले म्हणजे मी आले, म्हणजे साहेब बाई आहे. मास्तर म्हणाले, आले म्हणजे साहेब आले. मोठी माणसं स्वतःलाही मानानेच बोलतात, आपल्याला त्याची सवय नाही. यावर मावशींनी विचारलं की मग साहेब घरी बायकोला 'मी दमले' असं म्हणतात का. मास्तर म्हणाले की म्हणत असतील, रुबाबच तसा आहे. इस्त्रीवाल्याचं तिसरंच मत होतं. हा गरीब माणूस दिवसभर वाफेत उभा राहून सगळ्या जगाकडे धुरकट नजरेने बघायचा. त्याच्या मते लिहिण्याच्या मराठीत आल्याला आले म्हणतात, तेव्हा साहेबांना चहात आलं हवं होतं आणि ते गोदामात मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः पाव किलो आणलं, आणि पुढचे चार दिवस चहा इतका झणझणीत झाला की कोणाला वाद घालायला आवाज उरला नाही.

पण वाद लेखी सुरू झाला. मंगळवारी सकाळी दोरेबाई सगळ्यांच्या आधी आल्या. रात्रभर त्यांनी एकच विचार केला होता. 'ले'पुढे एक उभी रेघ, एक काना, बस. 'आले'चं 'आलो' होईल, साहेब बचावतील आणि खुर्चीचं पुढे बघता येईल. पेन उघडून त्या फलकापाशी उभ्या राहिल्या. काना द्यायला कितीसा वेळ लागतो? पण हात उचलेना. आजवर त्यांनी काही लपवलं असेल, पण पुसलं नव्हतं. हा काना दिला की लिहिणारी बाई कायमची पुसली जाणार होती, आणि ती पुसायला दुसरं कोणी आलंही नव्हतं. त्यांनी पेन बंद केलं आणि वर गेल्या.

दहा वाजता खाली आल्या तर काना होता. शिंप्याच्या खडूचा, निळा, रुबाबदार. मास्तर तिकडे पाठ करून फारच मन लावून कापड कापत होते. अकरा वाजता काना नव्हता, आणि मावशींच्या पदराला निळा डाग होता. दुपारी तो बॉलपेनने परतला. चहानंतर ब्लेडने खरवडला गेला. इतिहासात लोकांनी 'ध'चा 'मा' केला, पण निदान एकदाच केला. इथे 'ले'चा 'लो' आणि 'लो'चा 'ले' दिवसातून चारदा व्हायला लागला. गुरुवारी त्या जागी कागदाला भोक पडलं आणि साहेब नुसतेच 'आज गोदामात जाऊन आ' एवढे उरले.

खरी पंचाईत पुढेच होती. साहेब बाई असल्याची नुसती शंका आली आणि त्याच चिठ्ठ्यांचे अर्थ पालटले. दहा मिनिटांची विश्रांती आता डाव वाटू लागली. 'मला वाटते' वाचून मास्तर म्हणाले की वाटतंय कसलं, ठरवता येत नाही असं सांगा ना. गठ्ठ्यांची शिस्त पुन्हा किरकिर झाली. तागे तर कोणी हलवलेच नाहीत, आधी साहेबांचा निकाल लागू दे म्हणाले. शेवटी दोरेबाईंनी आणि इस्त्रीवाल्याने मिळून ते हलवले. उचलता उचलता तो म्हणाला की त्याला साहेब कोणीही चालेल, फक्त कळलं पाहिजे. रोज आलं आणायला परवडत नाही.

मालक ठरल्या दिवशी परत आले. मशिनी बंद झाल्या. त्यांनी नमस्कार-चमत्कार उरकून सरळ विचारलं की आता बोला, खुर्चीत कोण हवं?

मास्तर पुढे झाले. म्हणाले की गेल्या पंधरवड्यात जरा गोंधळ झाला खरा, पण एकंदरीत चिठ्ठीवाले साहेबच हवेत. उजेड मिळाला, मानेला आराम मिळाला आणि शिवणीची एक तक्रार आली नाही. मागे सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीही म्हणाल्या की चालतील, मग बाप्या असो की बाई, कारण असं कुणी पूर्वी आलं नव्हतं.

"कोण चिठ्ठीवाले साहेब?" मालक म्हणाले. "मी कोणालाच नेमलं नव्हतं." आणि त्यांनी जिन्याकडे पाहिलं.

दोरेबाई पायऱ्या उतरून आल्या. "ते मीच होते," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतोय आम्ही," मास्तर म्हणाले, "ते होते. पण आता कुठे आहेत?"

"मास्तर, मीच लिहीत होते."

"हो, साहेब सांगत होते आणि तुम्ही लिहीत होता. अक्षर ओळखतो आम्ही तुमचं."

दोरेबाईंनी हताश होऊन मराठी भाषेला मनात दोन शब्द ऐकवले. सात आठवडे हिने लपवलं, आता उघड करायला गेलं तर ही उघडूनही देईना. मग त्यांनी ते शब्द असे मांडले की पळवाट राहू नये. "सांगणारं कोणी नव्हतं. मी बाई, मी दोरेबाई, माझ्या मनाने लिहिलं आणि मी फलकावर लावलं. मला ही खुर्ची हवी आहे. एकोणीस वर्षं हवी आहे."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. सात आठवडे घरी बायकोला ते या साहेबांचे दाखले देत होते आणि परवाच म्हणाले होते की बाईमाणसाला हे जमायचं नाही. इस्त्रीवाला हळूच विचारत होता की म्हणजे आलं कोणालाच नको होतं का. मालकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की हे बघा, पहिल्यांदा तुम्ही तेराही जणांनी पुरुष मागितला होता. एकमत होत नसेल तर भाचा उद्यापासून येईल. तो पुरुष आहे, त्याबद्दल वाद नाही.

पाठीवरच्या खिशांची आठवण सगळ्यांच्या चेहऱ्यावरून फिरली. मग मावशी बोलल्या, आणि मालकांशी नाही, दोरेबाईंशी.

"मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मान कुठल्या वेळी दुखते ते खुर्चीतल्या बाप्याला कसं कळणार? तरी ते 'आले' येईपर्यंत मी पुरुषच म्हणत राहिले. वाईट वाटून घेऊ नकोस. वर पुरुष बसला तर मला काही वाटत नाही, ते आपलं नव्हतंच कधी. तू बसलीस तर रोज मनात येणार, ही बसली मग मी का नाही? दोन महिने आधी लागले होते मी."

दोरेबाईंच्याही हाताने सात आठवड्यांपूर्वी हेच सांगितलं होतं, फक्त मावशींसारखं तोंडाने सांगायचं धैर्य झालं नव्हतं. त्यांनी मावशींचा हात धरला. मावशींनी तो थोडा वेळ धरू दिला. मग मालकांकडे वळून त्या म्हणाल्या की हिलाच बसवा, मनात यायचं ते येऊ दे, मी बघून घेईन. त्यावर इस्त्रीवाल्याने होकार दिला, मग बाकीच्यांनी. मास्तरांनी मान हलवली, पण ती उभी की आडवी हे कोणाला सांगता आलं नाही. मालकांनी ती उभी धरली.

दुसऱ्या दिवशी दोरेबाई खुर्चीत बसल्या आणि पाच मिनिटांत उठल्या, कारण तिथून काहीच दिसत नव्हतं. त्या खाली मास्तरांपाशी आल्या. मोठ्या मापाचे सदरे आज आधी कापायला घ्यायचे, असं त्यांनी सांगितलं.

मास्तरांनी सवयीने फलकाकडे पाहिलं. फलक रिकामा होता. "लिहून देता का?" त्यांनी विचारलं.

"नाही," दोरेबाई म्हणाल्या. "तोंडानेच सांगतेय."

मास्तर उभेच राहिले. दोरेबाईही उभ्याच राहिल्या. कानावरचा खडू मास्तरांनी काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. दोरेबाईंना मास्तरांच्या बाहीचा एक दोरा लोंबताना दिसत होता आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी कात्रीला हात लावला नाही. आज हा माणूस हलतो की नाही, यावर उद्याचं सगळं होतं. मग मास्तर वळले आणि पलीकडच्या टेबलावर हाक मारली की लहान मापं बाजूला ठेवा, मोठी काढा.

"आता मध्येच?" पलीकडून विचारणा झाली. "कोणी सांगितलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि दोरेबाईंकडे एकदा पाहिलं. मराठीत आजवर ज्याची गरज पडली नव्हती असं वाक्य त्यांना जुळवायचं होतं, आणि ते जुळवताना त्यांचे कान लाल झाले.

"साहेब म्हणाल्या," ते म्हणाले.